पत्ता अपुरा

भाऊ, तुमचा तुकडा आज माझ्या हाताखालून गेला.
तळघरातल्या चोविसाव्या कपाटातून आला,
मेणाच्या वडीत, नखाएवढा,
वर माझ्याच अक्षरातला आकडा.
चौदा वर्षांपूर्वी मी परळला नुकती लागले होते
आणि तुम्ही जठरात दुर्बीण घालून घ्यायला
अर्धी रजा टाकून आला होता.

रिपोर्टात तेव्हा एक ओळ: किरकोळ सूज, बाकी ठीक.

आता वरच्या मजल्यावरच्या गझदर बाई
जुने तुकडे मागवतात,
ज्यांचे हात पुढे थरथरू लागले त्यांचे,
आणि विचारतात, हाताआधी पोटाला कळलं होतं का?
यादीत नावं नसतात.
आकडा मात्र मला पाठ.

चार मायक्रॉन. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
कोमट पाण्यावर सोडला, काचेवर उचलला,
रंग दिला, थांबले.

पोस्टात तुम्ही त्या टेबलावर होतात
जिथे कुणालाच न लागणारी पत्रं येत.
शाई फुटलेली, पिनकोडात एक आकडा कमी.
'भायखळा, मशिदीमागे, हसन शिंपी'
एवढ्यावर तुम्ही माणूस हुडकून काढायचात.

आणि घरी रोज रात्री इसबगोलाचा पेला,
सकाळी संडासात पाऊण तास,
आई बाहेरून: आत बिऱ्हाड केलंत की काय?
आम्ही हसायचो.
मग एका रविवारी सुरमई करपली,
धूर जिन्यापर्यंत,
आणि तुम्ही तव्याशेजारी उभे, निवांत.
सर्दी असेल, म्हणालात.
मग झोपेत लाथा. आईनं गादी वेगळी घातली.
मग सही बारीक होत गेली,
इतकी, की बँकेनं चेक परत पाठवला.
त्या सहीपाशी आम्ही पहिल्यांदा थांबलो.

पोटातलं ओठावर येत नाही म्हणतात.
तुमचं वर चढत होतं, पण ओठांकडे नाही,
एका लांबलचक भटक्या नसेनं,
गळ्याच्या कडेकडेनं, मेंदूच्या तळमजल्याशी.
निदान गझदर बाईंना तसं वाटतं.
सगळ्यांचं असंच होतं असं नाही, त्या बजावतात,
पोट अर्ध्या मुंबईचं साफ होत नाही.

भिंगाखाली
मज्जातंतूचा एक धागा, वाट चुकल्यासारखा,
त्यावर तपकिरी ठिपके.
घाईत झटकलेल्या टाकाचे असावेत तसे.
तेव्हाही ते तिथेच असणार.
मी त्या वेळी फक्त गुलाबी-जांभळं रंगवलं होतं,
त्या रंगाला असलं काही दिसत नाही.

घरी येऊन सांगितलं.
तुमचा चेहरा हलला नाही, हल्ली तो हलत नाही.
मग खात्यातल्या आवाजात विचारलंत:
वेळेवर कळलं असतं, तर थांबवता आलं असतं?
नाही, म्हटलं. अजून तरी नाही.
'मग उशिरा मिळालं ते बरंच.'

मला ते पटलं नाही.
निदान आम्ही हसलो नसतो.

पेल्यात इसबगोल टाकला, चमचा शोधू लागले.
तुम्ही पेला हातात घेतलात,
म्हणालात, राहू दे गं,
आता आपोआप ढवळतं.