फळी

भातगिरणीच्या माडीवर आमचं मंडळ.
खाली गिरणी सुरू झाली की इतिहास थरथरतो,
म्हणजे कपाट थरथरतं, आणि कपाटातल्या बरण्या,
ज्यांत कागदांनी ओल धरू नये म्हणून
भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीशेजारी
चौदा समन्सं ठेवलीत.

अध्यक्ष भिकीबाई येलवे, वय एक्याऐंशी,
सही करतात ती पाटीवर करावी तशी, दाबून,
खालच्या तीन पानांवर उमटेल इतकी.
खजिनदार रुबीना परकार,
दोन चहांनाही व्हाउचर लावणारी.
मी कार्यवाह. दोघींचं वाजलं की कार्यवृत्तात
'सविस्तर चर्चा झाली' असं लिहितो.

पूल व्हायच्या आधी
केतवड्याच्या खाडीत तर चालायची.
भाडं सगळ्यांना सारखं, एक आणा.
बसायची फळी मात्र सगळ्यांना नव्हती.
आमच्या वाडीनं मागं उभं राहायचं,
घोटाभर पाण्यात,
होडीत शिरलेलं पाणी उपसतात तिथं.
एका भाद्रपदात चौदा जण चढले
आणि बसले.

बस्स, एवढंच. बसले.
बाकीचे उतरले. होडी हलली नाही.
ओहोटीनं तिला चिखलात टेकवलं,
रात्री भरतीनं उचललं, सकाळी पुन्हा टेकवलं.
कुणाच्या तरी टोपलीत गौरीच्या भाजीच्या जुड्या सुकल्या.
त्यापुढच्या भरतीला तरवाल्यानं वल्हं उचललं.

तरवाला रुबीनाचा आजा.
समन्सांतलं सातवं नाव भिकीबाईंच्या बापाचं.

म्हणून धक्क्यावरच्या फलकाची एक ओळ
चार वर्षं लिहून होत नाही.
'त्यानं दीड दिवस होडी सोडली नाही,' भिकीबाई.
'पण सोडली ती त्यानंच,' रुबीना.
'आणि मग खोताकडचं एक भाडं त्याला मिळालं नाही.'
दोन्ही खरं. दोन्ही एका ओळीत मावत नाही.

चौदांतली शेवटची बयोआत्या, तेव्हा नऊ वर्षांची.
मोबाइल पुढ्यात धरून विचारलं,
आत्या, बसलीस तेव्हा काय वाटलं?
आम्हाला वाक्य हवं होतं, भिंतीवर लावण्याजोगं.
ती म्हणाली, 'फळी वली हुती. परकर भिजला.
घरी आल्यावर आयेन मारलान.'
थोडं थांबून: 'खाजं आणलंव काय?'

गेल्या आठवड्यात रुबीनानं रिक्षातून फळी आणली.
इतकी वर्षं परसातल्या खुराड्याचं झाकण होती.
एक कोपरा कापलेला, कोंबड्यांची शीट,
पण खालून खिळ्यांची रांग, होडीच्या वळणाची.
'घरात माहीत होतं?' भिकीबाईंनी विचारलं.
'आजीला होतं. ती तिच्यावर कुणाला पाय देऊ द्यायची नाही.'
ह्यावर सविस्तर चर्चा झाली नाही.

मी उत्साहानं पाटी छापून आणली, लॅमिनेशनसकट,
संग्रहालयांत असते तशी:
'कृपया स्पर्श करू नये.'

भिकीबाईंनी ती चष्मा लावून वाचली.
चष्मा काढून वाचली.
खालची गिरणी नेमकी तेव्हाच थांबली.
मला माझेच कान ऐकू येत होते.
मग त्या सावकाश, गुडघा धरत,
फळीवर बसल्या,
शेजारची जागा हातानं झटकली.
रुबीना बसली.
तिसऱ्या माणसाला जागा होती,
पण मी पाटी कुठं लपवावी ह्या विचारात उभा.

पाटीचे चाळीस रुपये रुबीनानं रात्री वहीत मांडले.
व्हाउचर एकशे बारा. तपशील:
चुकीचा शब्द.