दुधाचं पान

मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टर म्हणाले, आता वाचा काय हवं ते.
काय हवं ते म्हणजे तेच,
जे अठ्ठ्याहत्तर साली फोर्टातल्या ट्रंक एक्स्चेंजला
रात्रपाळीत मांडीवर ठेवून वाचलं होतं.
कानाला हेडफोन, एक डोळा दिव्यांवर,
नागपूर, इंदूर, एखादा अर्जंट कॉल कोल्हापूरचा,
आणि मधल्या शांततेत ती कादंबरी.

वाचू नये हो.
उपदेश नाही, पोळलेल्या बोटाने सांगते आहे.

पहिल्या वीस पानांत चंद्र अकरा वेळा उगवला.
मी मोजत बसले, म्हणजे बघा.
ज्याच्यापायी मी तेव्हा दोन स्थळं नाकारली
(वडिलांना कारण दिलं पत्रिकेचं)
तो नायक बायकांना वाक्य पुरं करू देत नाही.
एकदाही नाही.
त्याची आई, जिला लेखक सारखं म्हातारी म्हणतो,
सेहेचाळीस वर्षांची निघाली.
माझी भाची आहे सेहेचाळीसची,
परवा कांदिवलीहून माहीमला स्कूटरवर आली
आणि उभ्या उभ्या माझा गॅसचा रेग्युलेटर बदलून गेली.

समासात जागोजागी माझंच अक्षर, हिरवी शाई:
किती खरं!
काय खरं होतं, ते आता लागत नाही.
त्या मुलीला विचारावं तर ती वर बघत नाही,
तिच्या बोर्डावर दिवा लागलाय.

हेही चाललं असतं.
शालूची जर काळी पडतेच.
पण मी वाचत होते ते एका पानासाठी.

शेवटून तिसरं प्रकरण. ती घर सोडते.
जिना उतरते, दोन मजले, चपला हातात,
आणि परत वर येते.
का, तर स्टोव्हवर दूध आहे.
ते उतरवते, झाकण ठेवते, तिरकं, वाफेला वाट राखून.
मग जाते.

हे पान मी आणि कुमुद चुरीने
पहाटे तीनच्या चहावर एकमेकींना किती वेळा सांगितलं असेल.
चार वर्षांनी कुमुदने आग्रीपाड्याचं घर सोडलं
तेव्हा इराण्याच्या गल्ल्यावरून एक्स्चेंजलाच फोन केला,
एवढंच म्हणाली, "दूध उतरवून आलेय."
मी म्हटलं, "झाकण?"
"तिरकं."

परवा रात्री त्या पानापर्यंत पोचले.
ती जिना उतरते.
खाली टांगा उभा. ती बसते. पावणेदोन पानं रडते.
चंद्र उगवतो.

दूध नाही.
मागे पाहिलं, पुढे पाहिलं,
पानं चिकटली असतील म्हणून नखाने सोडवून पाहिली.
आकडे सलग. प्रत तीच, किंमत बारा रुपये,
आत खुणेला बेस्टचं तिकीट, तेही माझंच.
अख्ख्या कादंबरीत कुणी दूध तापवत नाही.

मग ते ठेवलं कुणी?
मी? कुमुदने?
का दोघींच्या मधल्या वायरीत, झोपेच्या भरात, आपसूक तापत गेलं?
सत्तेचाळीस वर्षं माझ्याकडे एक पुस्तक होतं.
न उघडते, तर अजून असतं.
आता जे आहे ते टेबलावर बसलंय,
कोर्टात साक्षीला आलेल्या शेजाऱ्यासारखं,
खोटं एक अक्षर बोलत नाही.

आज कुमुदचा फोन, वसईहून. गुडघे, नातू, टँकरचं पाणी,
मग, "अगं, ती कादंबरी आहे ना तुझ्याकडे?
कुरिअर कर. पुन्हा एकदा वाचावी म्हणते."

"वाळवी लागली गं," मी म्हटलं. "सबंध गेली."

ती गप्प. इतकी, की जुन्या सवयीने
माझ्या तोंडून निघालं, "बोलताय ना?"

"दुधाचं पानसुद्धा?"

"नाही," मी म्हटलं, "तेवढं राहिलंय."