चार नंबरचा डोंगा

सव्वा बाराले भोंगा होते.
मी वल्हं वर घेतो अन् सवारीले सांगतो,
जरा गच्च बसा, काही नाही होत.
काही नाही होत, हे मी रोजच सांगतो.
आवाज उशिरा येते. आधी पाण्याले समजते :
डोंग्याच्या बुडाखालून कोणी
उलट्या हातानं थापटल्यासारखं.
मंग टेकडी खोकलते.

गोंडेरी तलावातलं बेट, नागपूरपासून बावन्न किलोमीटर.
पाटीवर लिहिलं आहे, 'शांतता राखा, पक्षी आहेत.'
पाटी सरकारची. टेकडीचा परवानाही सरकारचा.
दोन्हींवर सही एकाच साहेबाची आहे का,
मले माहीत नाही. सह्या मले सगळ्या
चिखलात बगळा चालल्यासारख्याच दिसतात.

बेटावर सहा खोल्या एसीवाल्या, एक झुला,
अन् कांताबाई दुधपचारेचं सावजी.
रस्सा ती झाकून ठेवते, तरी तर्रीवर
पिठासारखं काही बसते.
एका गिऱ्हाइकानं बोटावर घेऊन विचारलं, हे काय?
ती म्हणे, डोंगर आहे साहेब.
त्यानं पूर्ण पैसे दिले. परत आला नाही.

मागच्या माघात एक जोडपं आलं
लग्नाआधीचे फोटो काढाले.
नवरदेव काळ्या कोटात.
बारा वीसले तो पांढरा झाला.
पोरगी इतकी हसली, इतकी हसली
की मी बी वल्हं सोडून हसलो.
फोटोवाल्यानं तेवढा कॅमेरा
लेकरासारखा शर्टात घेतला होता.

राग कोणावर धरू?
माझा लहाना, विनेश, क्रशरवर आहे.
डोंग्याचे मले दिवसाकाठी दीडशे सुटतात,
त्याले सहाशे, अन् जेवण.
रात्री तो डोकं धुते तेव्हा न्हाणीतून
राखाडी पाणी निघते,
माझ्या मिरचीच्या वाफ्यात जाते.
मिरची येते. तिखट कमी, पण येते.

एकदा त्यानंच समजावलं :
बाबा, गिट्टी जाते कुठं? नागपूरले.
तिथं गल्ली न् गल्ली सिमेंटची होऊन राह्यली.
अन् आपल्या घाटापर्यंतचा रस्ता? तो बी हिचाच.
आधी अडीच तास लागत होते, आता पंचावन्न मिनिटं.
म्हणजे लोकं टेकडीवरूनच येतात, टेकडी पाह्याले.
मी काही बोललो नाही.
पोराचा हिशेब बरोबर होता.

यंदा दिवाळीले बेटावरच्या खोल्यांले कुलूप.
सहा डोंग्यांतले पाच काठावर पालथे,
पोट्टे त्यांच्यावर बसून मोबाईल पाह्यतात.
तरी गाड्या येतात.
येतात अन् डावीकडं वळतात, जुन्या खदानीकडं,
जिथला दगड संपला अन् पाझर भरला.
निळंशार पाणी. परदेशातल्यासारखं आहे म्हणे.
कडेले भुट्टेवाला बसाले लागला.
कांताबाईनं शेगडी उचलली, तिकडं नेली.
मले म्हणे, भाऊ, इथं धूळ नाही,
खोदणं संपलं न आता.

एका पोट्ट्यानं विचारलं, काका, डोंगा इकडं आणता का?
फेरीचे पाचशे.
पाचशे ऐकून मी पाह्याले गेलो.
उभा कडा, चारही अंगांनी.
तलावाले काठ असते,
बेटाले तर काठाशिवाय दुसरं असते काय?
ह्या पाण्याले काठच नाही.
डोंगा कुठून उतरवावा,
अन् उतरलेल्यानं चढावं कुठून?
एक खडा टाकला.
तो बराच वेळ दिसत राह्यला, खाली जाताना, पांढरा.

मी नाही म्हणलो.

मंगळवारी रात्री अकराले दार वाजलं.
ठाण्यातला शिपाई. टोपी हातात.
म्हणे, वलथरे, गळ घ्या, दोर घ्या,
दोघं आहेत, कॉलेजचे.
मी म्हणलो, डोंगा उतरणार नाही तिथं.
तो म्हणे, उतरवतो, क्रशरची क्रेन आहे.

मागं वळून पाह्यलं.
विनेशनं चप्पल घातली होती.
क्रेनची चावी त्याच्याच खिशात राहते.