दोनशे अडुसष्ट पायऱ्या

पुस्तकातलं उदाहरण असं:
दीपगृहावरचा माणूस जहाजाकडे बघतो
आणि त्याचा अवनत कोन साठ अंशांचा होतो.
मी फळ्यावर समुद्र काढला. लाटासुद्धा काढल्या.
मागून कुणीतरी विचारलं,
"सर, तो मानूस तठे काय करस?"

खरंच, काय करतो?
साक्री तालुक्यात जहाज कुठून आणू मी,
पांझरा तर एप्रिलात आम्ही चपला हातात न घेता ओलांडतो.

म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी
दहावी ब छडवेलच्या पठारावर नेली.
पवनचक्क्या जन्मापासून त्यांच्या डोळ्यांपुढे,
त्यामुळे त्यांच्याकडे कुणी बघत नाही.
कल्पेशला एवढंच आठवत होतं,
चक्कीचं पातं गावातून गेलं तेव्हा
दिवसभर लाइट नव्हती, आणि क्रेनच्या मागे पोरं
यात्रेत धावावं तशी धावली होती.
"त्या क्रेनचा हात केवढा असेल?" मी विचारलं.
"तिरका होता, सर."
तिरका. बाळा, अख्खा धडा त्या शब्दात आहे.

कोनमापक, उसाच्या रसाची नळी,
दोरा, आणि पंक्चरवाल्याकडून आणलेला एक नट.
नळीतून चक्कीच्या डोक्याकडे बघायचं,
दोरा कुठे थांबतो ते दुसऱ्यानं वाचायचं.
पण दोरा थांबेना.
जो वारा तिकडे वीज करत होता
तोच इकडे आमचा नट हलवत होता.
हर्षाली कुवर वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली,
ओढणी दोन्ही हातांनी ताणून,
आणि तिच्या आडोशाला दोरा हळूहळू शहाणा झाला.
चोपन्न. नव्वदातून वजा. छत्तीस.

बुंध्यापासून शंभर मीटर, विहिरीच्या दोरानं मोजलेले.
टॅन छत्तीस, शून्य पूर्णांक सात दोन सहा पाच.
बहात्तर पूर्णांक पासष्ट.
"आणि डोळे?" मी म्हणालो. "डोळे जमिनीवर असतात का?"
मग बघणाऱ्याची उंची मोजली, डोळ्यांपर्यंत,
एक पूर्णांक बेचाळीस.
चौऱ्याहत्तर मीटर आणि वर सात सेंटिमीटर.
टाळ्या वाजल्या. शेळ्या बिथरल्या.

हर्षाली टाळ्या वाजवत नव्हती.
तिचा बाप झुलाल त्याच चक्कीवर चढतो,
कमरेला पट्टा, खिशात पाने,
पंधरा दिवसांतून एकदा तरी.
सोमवारी तिनं निरोप आणला, बापाच्याच शब्दांत:
"दोनशे अडुसट पायऱ्या शेतस. अठ्ठावीस सेंटिमीटरनी एक.
सरले सांग, मी अंधारात मोजेल से."

अठ्ठावीस गुणिले दोनशे अडुसष्ट.
पंच्याहत्तर मीटर, चार सेंटिमीटर.
आमच्यात जवळजवळ एक मीटर कमी.
वर्ग गप्प. मी कोष्टक पुन्हा पाहिलं.
दोर ओला होता का? नळी वाकली का?
मी मनात म्हटलं, झुलालच चुकला असेल,
आणि लगेच लाज वाटली,
कारण झुलाल चुकला तर तो पडतो,
मी चुकलो तर फक्त खोडतो.

शेवटच्या बाकावरून सुकलाल मालचे उठला.
वर्षभरात मी त्याचा आवाज हजेरीपुरता ऐकलेला.
"सर, आपन बांधवर उभा व्हतूत ना."

बांधावर.
त्याच्या शेळ्या रोज तो बांध चढतात.
मधल्या सुट्टीत तो एकटाच पट्टी घेऊन गेला
आणि सांगत आला: एक मीटर, वर थोडं गवत.

फेब्रुवारीत पूर्वपरीक्षा झाली.
प्रश्न चौथा, उपप्रश्न दुसरा:
दीपगृहाकडे बघणारा माणूस. उन्नत कोन.
सुकलालनं आकृती काढली, डोळ्यांची उंची धरली,
आणि पहिली पायरी लिहिण्याआधी
एक ओळ, पेन्सिलीनं, जरा घाबरत:
'माणूस बांधावर उभा नाही, असे मानू.'

नमुना उत्तरात अशी ओळ नाही.
लाल पेन बराच वेळ हातात धरून बसलो.
बाहेर, पठारावर, पाती फिरत होती.