दोनशे पंचेचाळीसच्या खाली

डुलूथमध्ये मार्च म्हणजे अजून हिवाळाच.
सरोवर गोठलेलं, खनिजाची जहाजं धक्क्याला,
आणि मी, लोरेन हाकाला, सर्जरी विभागाची कारकून,
बावीस वर्षं याच खुर्चीत,
हीटर पायाशी घेऊन
होऊ घातलेल्या सर्जनांची नशिबं अकारविल्हे लावते.

अर्ज आठशे. जागा चार.
डॉक्टर ब्रँडवोल्ड दारातूनच सांगतात, "दोनशे पंचेचाळीस."
मी आकडा चौकटीत टाकते, बटण दाबते,
आठशेचे एकशे चाळीस होतात.
उरलेल्यांचा आवाज होत नाही.
चाळणीतून कोंडा पडतानासुद्धा थोडा होतो.

आकड्यांना शिव्या देणाऱ्यांतली मी नाही.
माझ्या नवऱ्याचं पित्ताशय काढलं
तो दोनशे साठवाला होता,
आणि टाका कुठे घातला होता
ते आजही चष्मा लावून शोधावं लागतं.
प्रवेशपरीक्षेत जो वर, तो पुढच्या परीक्षेत बहुधा वर,
आणि तिथे जो वर, त्याचा कागद माझ्या टेबलावर.
बहुधा.
या एका शब्दात किती माणसं मावतात
ते मोजताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

ऑक्टोबरात एकदा बस चुकली.
पुढची पन्नास मिनिटांनी.
काहीतरी करायचं म्हणून मी रेघेच्या खाली उतरले.

माई नेंग शाँग. सेंट पॉल. दोनशे एकोणचाळीस.
पत्रात लिहिलं होतं:
प्रवेशपरीक्षा तीनदा दिली.
ती तिन्ही वर्षं रात्रपाळीला होते,
इस्पितळाच्या तळघरात हत्यारं धुवायला.
कुठला चिमटा कुठल्या सर्जनच्या हातातून आलाय
ते रक्त कुठे सुकलंय त्यावरून ओळखायचे.
एवढंच.
पुढे सेवेबिवेचं काही नव्हतं.

मी ते छापलं, गठ्ठ्यात सरकवलं. एकशे एक्केचाळिसावं.
"ही कशी आली?"
"प्रिंटरनं काढली."
चष्म्यावरून बराच वेळ बघत राहिले,
मग मुलाखतीची तारीख दिली.

मुलाखत पडद्यावर झाली.
तिच्या मागच्या भिंतीवर कॅलेंडर, गेल्या वर्षाचं.
शेवटच्या यादीत ती एकतिसावी.
चार जागांसाठी एकतिसावी,
म्हणजे पंगत उठल्यावर मांडलेलं पान.
यादी मीच टाइप केली. नावाचं स्पेलिंग दोनदा तपासलं.
एवढंच माझ्या हातात होतं.

सोमवारी तिला मेल गेला: कुठेच नाही.
आमच्या चारही जागा भरल्या,
वर्षभराच्या दोन तेवढ्या उरल्या,
पुढची हमी नसलेल्या,
भाड्याच्या खोलीसारख्या.
गुरुवारी त्यातली एक तिनं घेतली.
शुक्रवारी बाकीच्यांनी पाकिटं फोडली,
खालच्या हॉलमध्ये फुगे, कुणाची तरी आई रडत होती.

आता ती इथेच असते.
पहाटे साडेचारला माझ्या बंद दारावरून जाते,
असं झाडूवाला इगर सांगतो.
शस्त्रक्रिया संपली की ट्रे ती स्वतः आवरते.
नर्सेसना आधी राग यायचा.
आता हत्यारं मोजताना तिलाच हाक मारतात.

सप्टेंबरात पुन्हा अर्ज करेल.
पत्र नवं असेल, आकडा तोच.
प्रवेशपरीक्षा पुन्हा देता येते, तीनदासुद्धा.
ही दुसरी मात्र एकदा पास झालात की संपलं.
नापासाला आणखी संधी मिळते,
कमी मार्कांनी पास झालेल्याला
तो आकडा जन्मखुणेसारखा बाळगावा लागतो.

काल डॉक्टर म्हणाले,
"यंदा दोनशे पन्नास करू या, लोरेन. अर्ज फार येतात."
मी मान डोलावली.
चौकट अजून रिकामी आहे, कर्सर लुकलुकतोय.
बस सव्वापाचची.
चुकवायची म्हटलं तर वेळ आहे.