दुभाष्याची सही

तिचं नाव मी सांगणार नाही.
कायद्यात तसं आहे,
आणि तीही म्हणाली, "अक्का, नाव माझ्यापाशी राहू दे."

मी नरसुबाई येमुल, मिशन दवाखान्यातली आया.
त्याआधी अठरा वर्षं विड्या वळल्या.
अजून बोटांना तंबाखूचा वास येतो,
असं सिस्टर लिसम्मा म्हणते.
ती केरळची. तिचं मराठी म्हणजे
"तो मुलगी", "हा सुई", "माझा आई".
वॉर्डातली पोरं हसायची. तीही हसायची.

त्या रात्री रिक्षावाल्यानं पोर बाकावर आणून ठेवली,
नव्याकोऱ्या चादरीत गुंडाळलेली,
चादरीवर मोर.
तेरा वर्षांची असेल. मखतलकडची.
मालकाच्या घरी भांडी-धुणं करायची,
तेलुगूशिवाय काही येत नव्हतं.
मालकिणीचा निरोप: स्टोव्हवर पडली.

डॉक्टर शांतवननी चष्मा पुसला,
शाळेतली पट्टी मागितली.
सात डाग. एकाखाली एक. पाठीवर,
जिथं आपला हात आपल्याला पोचत नाही.
कागदावर माणसाची पाठमोरी आकृती छापलेली असते,
तिच्यावर त्यांनी सात रेघा ओढल्या
आणि मग कितीतरी वेळ पेनाचं टोपण शोधत राहिले.
ते त्यांच्या दातांतच होतं.

"नोप्पि," पोर म्हणाली.
"दुखतंय म्हणते," मी म्हणलं.
"कोण केला, विचार."
मी उशी नीट केली. पाणी आणलं.
माझा थोरला त्याच मालकाच्या मागावर कामाला होता.

हवालदारानं लिहिलं: मुलगी भाजली.
सिस्टर बोट ठेवून वाचत होती, अक्षर-अक्षर, लहान मुलासारखी.
"भाजली नाही," म्हणाली. "डागला. कोणीतरी डागला."
"तेच की, बाई."
"तेच नाही."
जिला सुई कधी बाई वाटली नाही,
तिला त्या एका शब्दाआड दडलेला माणूस दिसला.

मग मी विचारलं.
पोर भिंतीकडं बघून बोलली, मी हवालदाराकडं बघून,
तिच्यातला एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही.
शनिवारी थोरल्याचं काम गेलं.
तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. असो.

मालक पेढे घेऊन आला होता.
एक्स-रेचं नवं मशीन देतो म्हणाला.
डॉक्टर म्हणाले, "आहे ते जुनं आहे,
पण हाडं दिसतात त्यात."

नंतर नुसत्या तारखा.
गड्ड्याच्या चार जत्रा झाल्या, पाळणे आले, गेले.
सिस्टरची झारखंडला बदली झाली.
साक्षीला ती दोन रात्री गाडीत बसून आली,
पाय सुजलेले, डब्यात लिंबाचं लोणचं माझ्यासाठी.
वकिलानं विचारलं, "सिस्टर, तुम्हाला मराठीत
मुलगा-मुलगी तरी कळतं का?"
मागच्या बाकांवर हसले.
ती म्हणाली, "व्याकरण माझा चूक. पट्टी बरोबर."

आणि परवा पोरीची तारीख.
मला दुभाषी म्हणून बोलावलेलं. इस्त्रीची साडी नेसले.
शपथ घेतली, जसंच्या तसं सांगेन.
रात्री पडल्या पडल्या शब्द जुळवून ठेवले होते,
तेलुगूतले इकडं, मराठीतले तिकडं.

ती उभी राहिली. आता दहावीला आहे, चप्पल नवी.
माझ्याकडं बघितलंच नाही.
"साहेब, मी भाजले नाही. मला डागलं.
उलथनं तापवून. सात वेळा. कुणी, ते सांगते."
अस्सल सोलापुरी मराठी. एकही चूक नाही.
वकील कागद चाळत राहिला.

निकाल लागायचाय अजून.
कारकुनानं विचारलं, "दुभाष्याच्या सहीचं काय करायचं?"
रकाना कोराच होता.
मी म्हणलं, "राहू द्या."
"मग भत्ता मिळणार नाही, मावशी."

रिक्षाचे चाळीस रुपये माझेच गेले.