कारखान्यानं राखून ठेवलेलं

पहाटे साडेतीनला वेर्ण्याच्या पठारावर
मासळीचे दोन टेंपो आणि आम्ही.
रॉयस्टनचा पाय पेडलवर, माझ्या मांडीवर लॅपटॉप.
तिसरा गिअर. दोन हजारांवर धर. आता दाब,
पुरता दाब, साडेसहापर्यंत सोडू नकोस.
टर्बो शीळ घालतो, पाठ सीटमध्ये रुतते,
पडद्यावर रेघा चढू लागतात:
हवेचा दाब, हवेचा ताप, ठिणगीची वेळ.

पाच हजारांवर एक बारीक खाच.
त्याला काही ऐकू आलं नाही. मला दिसलं.
ठिणगी तीन अंश मागे सरली होती,
तव्यावरून बोट मागे घ्यावं तशी.

"कारखानेवाले कंजूस," तो म्हणतो.
तारवटी तो. आठ महिने समुद्रावर, चार महिने लोटलीला,
आणि त्या चार महिन्यांत त्याला सगळं हवं असतं.

मी बावीस वर्षं खनिजाच्या ट्रकांचे पंप लावले,
कानानं आणि दहाच्या पान्यानं.
खाणी बंद पडल्या, तेव्हा भाचीनं
हा लॅपटॉप शिकवला, दोन चापट्या मारून.
ड्रायव्हर तेव्हाही हेच म्हणायचे: मालक कमी सोडतो.

पण कारखान्याला काय ठाऊक, गाडी कुणाच्या दारात जाणार?
कुणी पाणचट पेट्रोल भरील,
कुणी मे महिन्यात पाच जण कोंबून, एसी लावून
अनमोडचा घाट चढेल,
कुणी दोन वर्षं तेल बदलणार नाही
आणि वर म्हणेल, इंजिनच वाईट.
या सगळ्या अनोळख्यांसाठी तो थोडं राखून ठेवतो.
कंजुषी कसली.
ओळख नसली की माणूस एवढंच करू शकतो.

माझं काम ओळख करून घेण्याचं.
तेल कधी बदललंस? थंड गाडी ताणतोस का?
शेजारी कुणी बसलं की पाय जड होतो का?
खरं सांग.
तो खिडकीबाहेर बघत खरं सांगतो.

बोरीला परतून शटर अर्धं उघडलं.
दाब वाढवला दोन दशांश,
वरच्या टप्प्यात ठिणगी दीड अंश मागे,
मिश्रण किंचित ओलं,
कारण आमच्या हवेत अर्धं पाणीच असतं
आणि टर्बोला ते सोसत नाही, काही म्हणा.
दोनशे घोडे मागत होता.
एकशे ब्याऐंशी दिले, तसं तोंडावर सांगितलंही.
उरलेले अठरा का ठेवले, ते विचारू नकोस म्हटलं.

ऑगस्टात गाडी आली, तो नाही.
आतून त्याची आई उतरली, मिलाग्रिन बाय,
चष्मा दोरीला, पायात रबरी चपला.
बॅटरी उतरू नये म्हणून दर आयतवारी फिरव,
असं सांगून गेलेला मुलगा.
"ही उडी मारते रे," ती म्हणाली.
मी म्हटलं, बाय, पाच मिनिटं बस,
कारखान्याचा नकाशा परत भरतो. शांत होईल.
ती बसली नाही.

वायर जोडली, नोंदी उघडल्या.
आयतवार, पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. मिसाच्या आधी.
तिसरा गिअर. दोन हजार ते सहा हजार तीनशे.
पाय पुरता खाली.
पुढचा आयतवार, तेच.
त्याच्या पुढचाही.
रेघ तुळतुळीत, कुठेही खाच नाही.
"तेल?" मी विचारलं.
"जुलैत बदललं. पावती आहे."

मग मी नकाशाबद्दल बोललो नाही, तीही नाही.
वायर काढली. बॉनेट उगीच एकदा उघडून मिटलं.
ती आत बसली, चष्मा लावला, आरसा नीट केला,
आणि काच खाली घेऊन म्हणाली,
"रॉयस्टन सांगत होता, अठरा ठेवून घेतलेस तू.
त्याच्यासाठी ठेवलेस ते बरं केलंस."

इंजिन चालू होतं. मी ऐकत होतो.